विणकामाने भावनांचा निचरा होतो का?

या मालेतल्या गेल्या दोन व्याख्यानांत आपण ॲरिस्टॉटलची विरेचनाची कल्पना पाहिली. आज तीच कल्पना एका अगदी घरगुती जागी, लोकरीच्या गुंड्याशेजारी ठेवून तपासायची आहे. विषय वाचून काहींना वाटलं असेल की आमचं आता वय झालं. वय झालंच आहे, पण विषय त्यामुळे निवडलेला नाही. अलीकडे एक वाक्य आमच्या कानावर फार येतं. राग असो, शोक असो, काळजी असो, दोन सुया आणि लोकर हातात घ्या, म्हणजे ‘अवघड भावनांचा निचरा होतो’. डॉक्टर सांगतात, समुपदेशक सांगतात, आता सुनासुद्धा सासूला सांगतात.

विणल्यानं बरं वाटतं हे आम्हांला मान्य आहे. ज्यांनी विणलं आहे त्यांना ते ठाऊक आहे, आणि न विणणाऱ्यानं त्यांच्याशी वाद घालू नये. आमचं भांडण आहे ते ‘निचरा’ या शब्दाशी. शब्दाशी भांडून आम्ही तीस-पस्तीस वर्षं पोट भरलं, तेव्हा ती सवय आता सुटायची नाही.

निचरा कशाचा होतो? शेतात पाणी साचलं, मुळं कुजायला लागली, की शेतकरी चर खणतो आणि पाणी बाहेर काढतो. पाणी गेलं, प्रश्न संपला. भावनेला हा शब्द लावला की आपण न कळत बरंच काही गृहीत धरतो. भावना ही साठणारी वस्तू आहे, ती कमीजास्त मोजता येते, ती आत राहिली तर नासते आणि बाहेर गेली की माणूस मोकळा होतो. यातलं एकही गृहीतक कुणी सिद्ध केलेलं नाही. तरी ते इतकं अंगवळणी पडलं आहे की आपल्याला ते गृहीतक वाटतच नाही.

हे आलं कुठून, ते थोडक्यात सांगतो. ॲरिस्टॉटलनं ‘काव्यशास्त्रा’च्या सहाव्या प्रकरणात शोकात्मिकेची व्याख्या करताना ‘कॅथार्सिस’ हा शब्द वापरला, पण तो समजावून सांगितला नाही. त्याच्या ‘राज्यशास्त्रा’त तर तो म्हणतो की याचा खुलासा काव्यावरच्या ग्रंथात करीन, आणि तो खुलासा आपल्या हाती लागलेला नाही. मग पुढची दोन हजार वर्षं पंडित भांडत राहिले. कुणी शुद्धी म्हणालं, कुणी प्रबोधन म्हणालं. १८५७ साली याकोब बेर्नायस या जर्मन पंडितानं ठामपणे सांगितलं, की हा वैद्यकातला शब्द आहे, पोट साफ करण्याचा. आपल्याकडे पंचकर्मात जे विरेचन आहे तेच. मराठीत आपण कॅथार्सिसला ‘विरेचन’ म्हणतो तेव्हा बेर्नायसच्या बाजूनं मत देऊन बसतो, हे लक्षात ठेवा. या बेर्नायसची पुतणी मार्था, ती पुढे सिग्मंड फ्रॉइडची पत्नी झाली. केवळ त्या नात्यावरून काही सिद्ध होत नाही. पण ब्रॉयर आणि फ्रॉइड यांनी १८९५ मध्ये ‘उन्मादाविषयीचे अभ्यास’ हे पुस्तक काढलं तेव्हा उपचारपद्धतीला नाव दिलं तेही ‘कॅथार्टिक’ असंच. दाबलेली भावना बाहेर काढा, लक्षण जाईल.

आता गंमत बघा. याच पुस्तकाच्या सुरुवातीच्या निवेदनात सुईकामाचा उल्लेख आहे, आणि तो औषध म्हणून नाही, रोगाच्या कारणांत आहे! त्यांचं म्हणणं असं की निरोगी माणसंही दिवास्वप्नं पाहतात, आणि सुईकामासारख्या उद्योगांमुळे बायकांना ती सवय जास्त लागते; या दिवास्वप्नांतूनच पुढे ती विकृत, संमोहनासारखी अवस्था वाढते. म्हणजे ज्या ग्रंथातून ‘निचरा’ हा शब्द आपल्या बैठकीच्या खोलीत आला, त्या ग्रंथाच्या मते विणणारी बाई निचरा करत नव्हती, साठवत होती. आज त्याच परंपरेचे वारस नेमकं उलट सांगतात. दोन्ही वेळा बाईला कुणी विचारलं होतं असं दिसत नाही.

त्या पुस्तकातली पहिली रुग्ण ‘ॲना ओ.’ या नावानं प्रसिद्ध आहे. बोलून मोकळं होण्याच्या उपचाराला ‘बोलण्याचा उपचार’ हे नाव तिनंच दिलं, आणि थट्टेनं ती त्याला धुराडं साफ करणं म्हणायची. तिचं खरं नाव बेर्था पापेनहाइम. पुढे तिनं १९०४ मध्ये जर्मनीतल्या ज्यू स्त्रियांची संघटना उभारली आणि अनाथ मुली, फसवल्या गेलेल्या मुली यांच्यासाठी आयुष्यभर काम केलं. तिला एक छंद होता, हातानं विणलेल्या लेसचे नमुने जमवण्याचा. तो संग्रह तिनं १९३५ मध्ये व्हिएन्नाच्या एका संग्रहालयाला दिला. आणि फ्रॉइडची मुलगी ॲना, स्वतः मोठी मनोविश्लेषक, रुग्णांचं ऐकताना विणत बसायची. तिचा हातमाग लंडनच्या त्यांच्या घरात आजही ठेवलेला आहे. तेव्हा विणकाम त्या घरात होतंच. सुया मात्र ऐकणारीच्या हातात होत्या! या गोष्टीकडे आपण नंतर येऊ.

निचऱ्याच्या सिद्धान्ताला प्रयोगाचा आधार आहे का? रागापुरतं एक उत्तर आहे. ब्रॅड बुशमन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं २००२ मध्ये सहाशे विद्यार्थ्यांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्यांना मुद्दाम चिडवलं. मग काहींना, ज्यानं चिडवलं त्याचा विचार करत ठोशांच्या पिशवीवर ठोसे मारायला सांगितले, काहींना व्यायाम म्हणून मारायला सांगितले, आणि काहींना नुसतं बसवून ठेवलं. निचऱ्याचं तत्त्व खरं असतं तर पहिला गट सगळ्यांत शांत व्हायला हवा होता. तो सगळ्यांत चिडलेला निघाला, आणि नुसते बसलेले सर्वांत कमी आक्रमक ठरले. ठोसा हा विणकामाचा टाका नव्हे, हे आम्हांला कळतं. पण ‘बाहेर काढलं की संपतं’ या समजुतीला यातून चांगलाच धक्का बसतो.

साहित्यात या समजुतीविरुद्धचा सर्वांत बळकट पुरावा चार्ल्स डिकन्सनं १८५९ मध्येच देऊन ठेवला आहे. ‘अ टेल ऑफ टू सिटीज’मधली मादाम दफार्ज तुमच्यापैकी बऱ्याच जणांना आठवत असेल. पॅरिसच्या सेंट आंत्वान वस्तीतलं दारूचं दुकान, गल्ल्याशी बसलेली ही बाई, आणि हातात सतत विणकाम. ती विणते काय? ज्यांना क्रांतीनंतर मारायचं आहे त्यांची नावं. तिच्या टाक्यांची एक खूणभाषा आहे, ती तिलाच वाचता येते. तिचा नवरा अभिमानानं सांगतो की त्या विणलेल्या यादीतून एक अक्षर पुसण्यापेक्षा माणसानं स्वतःला जगातून पुसून टाकणं सोपं.

या बाईच्या घरावर सरदार घराण्यातल्या दोन भावांनी काय प्रसंग आणला ते कादंबरीत शेवटाकडे कळतं. थोरल्या बहिणीवर बलात्कार, तिच्या नवऱ्याचा बळी, भावाचा मृत्यू, बापाचा मृत्यू. ती तेव्हा लहान होती. त्यानंतर वर्षानुवर्षं ती विणते आहे. आता सांगा, निचरा कुठे झाला? एका थेंबाचाही नाही. ती विणते म्हणून राग विझत नाही. ती विणते म्हणून तो टिकतो, शिस्तीत राहतो, वाया जात नाही. आरडाओरडा करणाऱ्या बायका कादंबरीत आहेत, त्यांचा राग उसळतो आणि बसतो. हिचा बसत नाही, कारण तो ओळीओळीनं बांधलेला आहे.

डिकन्सला ही बाई आवडत नाही, हे खरं. शेवटी तो तिला तिच्याच पिस्तुलाच्या गोळीनं मारतो. गिलोटिनपाशी मैत्रिणीनं तिच्यासाठी धरून ठेवलेली खुर्ची रिकामी राहते आणि तिचं विणकाम मैत्रिणीच्या हातात. तिला मारून टाकल्याशिवाय लेखकाला कादंबरीचा शेवट प्रेमळ करता येत नव्हता, असं आमचं मत आहे. पण पूर्वग्रह असलेला लेखकही पाहतो ते खरं पाहतो. वस्तीतल्या बायका दारात बसून विणतात त्याचं एक वर्णन त्यानं केलं आहे. त्या काहीच उपयोगाचं विणत नाहीत. जबडा आणि पोट चालायचं त्याच्याऐवजी त्यांचे हात चालतात. ती हाडकुळी बोटं थांबली असती तर पोटातली भूक आणखी जाणवली असती. आम्ही हे वर्णन वर्गात अनेकदा वाचून दाखवलं आहे. विणल्यानं भूक जात नाही. भूक सोसता येते. आणि लगेच पुढे तो सांगतो की बोटं चालली तसे डोळे चालले आणि विचारही चालले. सोसणं आणि विसरणं यांतला फरक इथे एका परिच्छेदात आला आहे.

इतिहासातल्या विणणाऱ्या बायकाही होत्या. क्रांतीच्या काळात पॅरिसच्या सभागृहांच्या सज्जांत बसणाऱ्या स्त्रियांना ‘त्रिकोतझ’, विणणाऱ्या, हे नाव पडलं. त्या भाकरीचे भाव, साठेबाजी यावर बोलायला येत. पुरुष क्रांतिकारकांना त्यांची विणण्याची अडचण नव्हती, बोलण्याची होती. ऑक्टोबर १७९३ मध्ये स्त्रियांच्या राजकीय मंडळांवर बंदी घातली गेली. विणकामावर नाही!

आमच्या एक आत्या होत्या. तरुण मुलगा गेला, त्यानंतरची बाविसेक वर्षं त्या विणत होत्या. नात्यातल्या प्रत्येक बाळंतविड्यात त्यांचं टोपडं, मोजे, स्वेटर असायचेच. आमच्या दोन्ही मुलांच्या अंगावर त्यांची लोकर होती. तेव्हा आम्ही नुकतीच डॉक्टरेट मिळवलेली, सगळ्या गोष्टींचे सिद्धान्त करण्याचं वय. आम्ही एकदा विचारलं, “आत्या, विणलं की मन हलकं होतं का हो?” त्यांनी वर न पाहता सांगितलं, “हलकं कसलं रे. हात रिकामे राहत नाहीत, एवढंच. आणि गप्प बस, टाके मोजतेय.”

या दोन वाक्यांत जे आहे ते पकडायला आम्हांला आर. जी. कॉलिंगवुडची मदत होते. त्याच्या १९३८ च्या ‘कलेची तत्त्वे’ या ग्रंथात भावना मोकळी करून टाकणं आणि भावना व्यक्त करणं असा भेद आहे. राग मोकळा करून टाकला की तो संपतो, आपण त्यातून सुटतो. राग व्यक्त केला की तो तसाच राहतो, पण हा राग आहे हे आपल्याला कळतं, आणि न कळणाऱ्या गोष्टीचं जे ओझं असतं ते उतरतं. फार मोलाचा भेद आहे हा. आता विणकाम यात कुठे बसतं? मोकळं करणं नाही, ते आपण पाहिलं. मग व्यक्त करणं आहे का? इथे कॉलिंगवुडच आडवा येतो. कारागिरीत काय करायचं ते आधी ठरलेलं असतं असं तो म्हणतो, आणि स्वेटरचा नमुना तर पुस्तकात छापलेला असतो. एक ओळ सुलट, एक ओळ उलट, बगलेशी टाके कमी करा. यात तुमच्या दुःखाला जागा कुठे? मुलगा गेलेल्या बाईचा आणि मुलगा पहिला आलेल्या बाईचा मोजा शेजारी ठेवला तर ओळखता येणार नाही.

विणणाऱ्या बायका इथे हरकत घेतील. मन ताणलेलं असलं की हात घट्ट पडतो, टाके आवळतात, बाही आखूड होते. मन सैल तर वीण सैल. बरोबर आहे. पण ते भावना व्यक्त करणं नव्हे, ते भावना उघडी पडणं. चेहरा लाल होतो तसं. चांगली विणणारी तर ते टाळते. दोन्ही बाह्या सारख्या आल्या पाहिजेत म्हणून आजचा हात कालच्या हाताशी जुळवून घेते. आणि नेमकं हेच आम्हांला महत्त्वाचं वाटतं. दुःखाला माप नसतं. किती दिवस चालणार, कुठवर आलो, काहीच सांगता येत नाही. विणकामात सगळंच मोजलेलं असतं. ऐंशी टाके, चाळीस ओळी, मग बगल. दुःख मोजता येत नाही, पण ते सोबत घेऊन आज दोन बोटं वीण झाली हे सांगता येतं. टाका निसटला तर तो उचलता येतो, चुकलं तर चार ओळी उसवून परत घेता येतात. बाहेर आयुष्यात एक ओळसुद्धा उसवता येत नाही. आत्या “टाके मोजतेय” म्हणाल्या, ते आम्हांला गप्प करण्यासाठी नव्हतं. त्या खरोखर मोजत होत्या.

अभिनवगुप्तानं रसास्वादाच्या विघ्नांत एक विघ्न सांगितलं आहे, स्वतःच्याच सुखदुःखात बुडून जाणं. स्वेटर हे नाटक नव्हे आणि लोकरीचा रस होत नाही, तेव्हा हे ओढूनताणून जुळवायला नको. पण भाव नाहीसा न करता माणसाला त्यात बुडू न देणं ही शक्यता आपल्या परंपरेनं ओळखलेली आहे, एवढं नोंदवून पुढे जाऊ.

ॲना फ्रॉइडच्या सुयांकडे परत येतो म्हणालो होतो. हात गुंतले की डोळे खाली राहतात, आणि डोळे खाली असले की बोलणं आणि ऐकणं दोन्ही सोपं होतं. महाराष्ट्राला हे सांगायची गरज नाही. गी प्वातव्हाँ आणि हेमा राईरकर यांनी गावोगावच्या स्त्रियांकडून जात्यावरच्या ओव्यांचा जो संग्रह उभा केला, त्यात लाखभर ओव्या आहेत. सासर, माहेर, मार, मूल नसणं, भावाची ओढ, जात, उपास. आता कुणी म्हणेल का की दळल्यानं दुःखाचा निचरा झाला? पिठात काही उतरत नाही. दुःख गेलं ते शब्दांत. जात्यानं फक्त लय दिली, आणि पहाटेच्या अंधारात बोलायला आडोसा दिला. समोर दुसऱ्या खुंट्याला हात लावलेली बाई असायची, ती ऐकायची आणि पुढची ओवी जोडायची. काम, आडोसा आणि ऐकणारं माणूस. यातलं तिसरं काढून टाका आणि पहिल्याला उपचार म्हणा, म्हणजे आजचा ‘निचरा’ तयार.

२०१३ मध्ये ब्रिटनमध्ये व्यवसायोपचाराच्या नियतकालिकात साडेतीन हजारांवर विणणाऱ्यांची एक पाहणी आली. जास्त वेळा विणणाऱ्यांनी जास्त शांत आणि आनंदी वाटल्याचं सांगितलं, हे सगळे जण उद्धृत करतात. पण प्रश्नावली ऑनलाइन होती आणि उत्तरं आपणहून विणणाऱ्यांनीच दिली होती. ज्यांनी सुया फेकून दिल्या त्या उत्तर द्यायला कशाला येतील? शिवाय त्याच पाहणीत चारचौघांत बसून विणण्याचे फायदे वेगळे नोंदलेले आहेत. ते उद्धृत करणारे कमी. चारचौघी जमवणं डॉक्टरच्या चिठ्ठीवर लिहिता येत नाही, लोकर लिहिता येते.

इथे आमची खरी काळजी आहे. एखादी बाई सांगते की मला राग येतो. कशाचा, ते विचारायच्या आधी तिला सांगितलं जातं, काहीतरी विणायला घे. रागाला कारण असतं, तो कुणावर तरी असतो, पुष्कळदा तो बरोबरही असतो. त्याला ‘अवघड भावना’ म्हटलं की कारण गळून पडतं आणि उरते फक्त बाईच्या आतली गडबड, तिनं एकटीनं निस्तरायची. आपल्याकडे सुईला एकेकाळी याहून जास्त मान होता. पंडिता रमाबाईंचं शारदा सदन १८८९ मध्ये सुरू झालं, रमाबाई रानड्यांचं पुण्याचं सेवासदन १९०९ मध्ये. अशा संस्थांतून विधवांच्या हातात शिवण-विणकाम दिलं गेलं ते मन रमावं म्हणून नव्हे, चार पैसे मिळावेत आणि दिराच्या दारात उभं राहावं लागू नये म्हणून. त्यांच्या दुःखाला कारण होतं, आणि सुई त्या कारणाच्या विरुद्ध उभी केली होती.

असंच आणखी एक उदाहरण दूरचं आहे, पण ते सोडवत नाही. १९७३ मध्ये चिलीत लष्करानं सत्ता घेतली, हजारो माणसं पकडली गेली, कित्येक परतलीच नाहीत. सांतियागोमध्ये चर्चच्या आसऱ्यानं त्यांच्या आया, बायका, बहिणी एकत्र बसून गोणपाटावर चिंध्या शिवू लागल्या. त्याला ‘आर्पियेरा’ म्हणतात. हे लोकरीचं विणकाम नव्हे, आपल्या गोधडीच्या जवळचं काम. कधी हरवलेल्या माणसाच्याच कपड्याचा तुकडा त्यात असे. चित्रं साधी, घरं, डोंगर, सूर्य, आणि त्यात ‘ते कुठे आहेत?’ असं विचारणाऱ्या बायका. ती गुपचूप देशाबाहेर गेली, विकली गेली, घरात पैसे आले आणि जगाला बातमी कळली. त्या बायकांना बरं वाटलं का? एकत्र बसून वाटलंही असेल. पण दुःखाचा निचरा त्यांना नकोच होता. माणूस सापडेपर्यंत ते दुःख जपून ठेवायचं होतं, दुसऱ्याला दाखवता येईल असं.

व्याख्यानाची सूचना गेल्यावर एका श्रोत्या बाईंनी आम्हांला लिहून विचारलं आहे, की यजमान गेल्यापासून मी विणते, मला रात्री त्यानं झोप लागते, तर तुम्ही ते बंद करा म्हणणार का? नाही हो, मुळीच नाही. बाई, तुम्ही विणा. झोप लागते ही लहान गोष्ट नाही. फक्त कुणी म्हणालं की आता विणताय ना, मग दुःख कमी झालं असेल, तर त्याला हो म्हणू नका. त्याला बसायला सांगा, गुंडा धरायला द्या, आणि यजमानांविषयी जे सांगायचं असेल ते सांगा. आता ज्यांना प्रश्न विचारायचे असतील त्यांनी माइक घ्यावा.